नदीच्या तळाची साक्ष

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या पूर्वेला सहा-सात किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. नवग्रहांच्या यात्रेला निघालेले मराठी यात्रेकरू ते राहूचं क्षेत्र म्हणून ओळखतात. नागनाथस्वामींच्या देवळात राहूला दुधाचा अभिषेक होतो आणि जवळच ओप्पिलियप्पन पेरुमाळांचं, बिनमिठाच्या नैवेद्याचं देऊळ आहे. दर्शन आटोपून पुढची बस धरणाऱ्याला गावाची दुसरी बाजू सहसा दिसत नाही. कुंभकोणम, तिरुभुवनम् आणि तिरुनागेश्वरम् हा रेशमाच्या मागांचा पट्टा आहे. तिरुभुवनमच्या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथले पुष्कळ विणकर सौराष्ट्री बोलतात. आपले पूर्वज गुजरातेतून निघून देवगिरीच्या वाटेनं दक्षिणेत उतरले, असं त्यांची परंपरा सांगते. हा सगळा मुलूख १६७६ च्या सुमारापासून १७९९ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता, त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. आणि या सगळ्या भूमीचा जीव कावेरीच्या फाट्यांत आहे. कुंभकोणमच्या दक्षिणेकडून अरसलार वाहते आणि कारैकालला समुद्राला मिळते. तिच्या आणि कावेरीच्या आजूबाजूला लहान नद्या, पाट आणि चर यांचं इतकं दाट जाळं आहे की एका शेतातून निघालेलं पाणी पुढच्या शेताचं सिंचन होतं.

रेशीम पाण्याशिवाय तयार होत नाही. कच्च्या धाग्यावर सेरिसिन नावाच्या चिकट द्रव्याचा थर असतो, वजनाच्या साधारण पाव हिस्सा. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात तो उतरवल्याशिवाय धाग्याला झळाळी येत नाही आणि रंगही नीट धरत नाही. त्यानंतर रंगाच्या कढया येतात: आम्लरंग, काही छटांसाठी क्रोमियम किंवा कोबाल्ट असलेले धातुयुक्त रंग. म्हणजे रेशीम रंगवण्याच्या एकाच कामातून दोन वेगळ्या स्वभावांचं सांडपाणी निघतं. सेरिसिनचं पाणी कुजणारं, जिवाणूंना खाद्य पुरवणारं. रंगाचं पाणी विषारी असू शकतं आणि ते कुजून संपत नाही. त्यात गावाच्या गटारांचं पाणी आणि भातखाचरांतून निथळणारी कीटकनाशकं मिसळली, की पाटातलं पाणी नेमकं कशानं बिघडलं हे सांगणं फार अवघड होतं. तिरुनागेश्वरम् दोषी आहे असं म्हणायला मी हे गाव निवडलेलं नाही. पाण्याची परीक्षा जिथे सर्वांत कठीण आहे, अशा ठिकाणांपैकी ते एक आहे. आणि माझं म्हणणं असं आहे की अशा ठिकाणी बाटलीत भरून नेलेल्या पाण्यावरून निकाल देता येत नाही. नदीच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांची साक्ष सरकारी तपासणीत नोंदली गेली पाहिजे, आणि तिला रासायनिक अहवालाच्या बरोबरीचं वजन मिळालं पाहिजे.

आज आपण नदीला प्रदूषित ठरवतो कशावरून? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातल्या २७९ नद्यांवरचे ३११ पट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. ही यादी एकाच मोजमापावर उभी आहे: बीओडी, अर्थात जैविक प्राणवायूची मागणी, लिटरमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त असणं. पाण्याचा नमुना आपल्याकडे २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवतात आणि त्यातल्या जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते पाहतात. सांडपाणी, मळी, सेरिसिन यांच्यासाठी ही कसोटी चांगली आहे. पण जे कुजतच नाही त्याचं काय? क्रोमियम, कीटकनाशक, कथिलाची संयुगं यांना बीओडीत जागा नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी, की नमुन्यात विष पुरेसं असेल तर ते बाटलीतल्या जिवाणूंनाच मारतं किंवा मंदावतं. प्राणवायू कमी खर्च होतो आणि आकडा खाली येतो. पाणी जितकं विषारी, तितकं ते कागदावर स्वच्छ दिसण्याचा संभव. प्रयोगशाळेतल्या जाणकारांना ही अडचण ठाऊक असते आणि ती टाळण्याच्या रीतीही असतात, पण ज्या यादीवरून धोरण ठरतं तिच्यात ही सूक्ष्मता उतरत नाही.

दुसरी अडचण वेळेची. वाहतं पाणी म्हणजे त्या क्षणाचं पाणी. महिन्यातून एकदा सकाळी नमुना घेतला आणि कढया रात्री ओतल्या गेल्या, तर दोघांची गाठ कधीच पडत नाही. आणि तिसरी अडचण आपल्या डोळ्यांची. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळ तळोज्याला निळी कुत्री दिसली तेव्हा साऱ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं, कारखान्यावर कारवाई झाली. रंग दिसला की आपण जागे होतो. पण रंगाचा आणि विषाचा संबंध पक्का नाही. गडद दिसणारं पाणी तुलनेनं निरुपद्रवी असू शकतं. उलट अॅझो जातीचा रंग तळाच्या प्राणवायूहीन गाळात पोचला की जिवाणू त्याचे तुकडे पाडतात, पाणी बिनरंगी होतं, आणि मागे राहणारी अॅरोमॅटिक अमाइन्स कित्येकदा मूळ रंगाहून घातक असतात. पाणी निवळलं असं काठावरचा माणूस म्हणतो त्याच वेळी तळ बिघडत असतो.

म्हणून तळाकडे पाहायचं. धातू आणि पाण्यात न विरघळणारी बहुतेक रसायनं बारीक मातीच्या कणांना चिकटतात आणि गाळात साठतात. पाण्यात त्यांचा मागमूस उरत नाही तेव्हाही गाळात ती असतात. त्या गाळात आणि दगडांखाली जे राहतात, ते मेफ्लाय या कीटकाची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, शिंपले, गोगलगायी, खेकडे, गांडुळाच्या कुळातले बारीक किडे, पळून जाऊ शकत नाहीत. मासा घाण पाणी आलं की वर सरकतो, बाजूच्या ओहोळात शिरतो. शिंपला तिथेच राहतो. यांतल्या कित्येकांचं आयुष्य काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत असतं, त्यामुळे रात्री दोन वाजता सोडलेलं पाणीही त्यांच्या शरीरातून गेलेलं असतं. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली आणि विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली. सुमारे चारशे किलोमीटरपर्यंत तळाशी राहणाऱ्या ईल मेल्या. त्यांची संख्या दीड लाखाच्या घरात सांगतात. विषाचा लोंढा काही दिवसांत समुद्राकडे निघून गेला, पण तळजीव पुन्हा कसे आणि कुठे परतले याच्या नोंदींवरून नदीच्या सुधारणेचा माग काढता आला.

तळजीवांच्या साक्षीत जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो सांडपाणी आणि विष यांतला फरक दाखवण्याचा. पाण्यात केवळ कुजणारी घाण वाढली, तर प्राणवायू कमी होतो आणि नाजूक प्राणी जातात. पण जे थोड्या प्राणवायूवर जगू शकतात त्यांची चंगळ होते. ट्यूबिफेक्स नावाचे केसाएवढे किडे आणि कायरोनोमस या न चावणाऱ्या डासासारख्या माशीच्या लाल अळ्या गाळात अक्षरशः खच्चून भरतात. घरात मासे पाळणाऱ्यांना दोन्ही चांगली माहीत आहेत, कारण माशांचं खाद्य म्हणून ती विकली जातात. अळीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या बळावर ती गुदमरवणाऱ्या चिखलात तग धरते. म्हणजे सांडपाण्याची खूण अशी: प्रकार थोडे, संख्या अफाट. विषाची खूण वेगळी असते. विषात प्रकारही घटतात आणि संख्याही घटते. खायला मुबलक असूनही खाणारा उरत नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ एच. बी. एन. हाइन्स यांनी प्रदूषित पाण्याच्या जीवशास्त्रावरच्या १९६० च्या आपल्या ग्रंथात ही दोन चित्रं वेगवेगळी मांडली. याच्याही पुढची पायरी म्हणजे जगलेल्या अळ्यांची तोंडं पाहणं. १९७१ मध्ये हॅमिल्टन आणि सेथर यांनी कॅनडातल्या तळ्यांतल्या कायरोनोमसच्या जातकुळीच्या अळ्यांचे जबडे विकृत झालेले नोंदवले आणि त्याचा संबंध औद्योगिक व शेतीतल्या रसायनांशी असावा असं सुचवलं. तेव्हापासून या अळीच्या दातांची मोडतोड मोजणं ही एक स्वतंत्र पद्धत झाली आहे. अळी मेलेली नसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिचा जबडा गाळात काहीतरी विषारी असल्याचं सांगतो.

ही साक्ष किती नेमकी होऊ शकते याचं सर्वांत चांगलं भारतीय उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात आहे. १९९९ मध्ये दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले वाय. विश्वकिरण आणि ए. सी. अनिल यांनी क्रोनिया कोंकणेन्सिस या खडकाळ किनाऱ्यावरच्या सागरी गोगलगायीबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. मार्मागोवा बंदराच्या परिसरातल्या माद्यांना नराचं लिंग फुटलेलं होतं. या विकृतीला इम्पोसेक्स म्हणतात. हा बदल का महत्त्वाचा हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९६० च्या दशकापासून जहाजांच्या बुडाला शेवाळ, कालवं, बार्नकल चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, असलेला रंग फासला जाऊ लागला. तो इतका परिणामकारक होता की जगभर पसरला. १९७० मध्ये स्टीफन ब्लेबर यांना इंग्लंडमधल्या प्लिमथच्या खाडीत गोगलगायींच्या माद्यांवर लिंगासारखा अवयव दिसला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या किनाऱ्यावर बी. एस. स्मिथ यांना दुसऱ्या जातीत तेच आढळलं. कारण कुणालाच माहीत नव्हतं. बोटींचे धक्के जितके जवळ तितकी विकृती जास्त, एवढंच कळत होतं. तिचा संबंध टीबीटीशी आहे हे स्मिथ यांनी १९८१ मध्ये दाखवलं, आणि प्लिमथच्या ब्रायन, गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये नैर्ऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरून या गोगलगायी का नाहीशा होत आहेत याचा उलगडा केला. मादीच्या अंगात नराची नलिका वाढते, तिनं अंडी बाहेर पडण्याची वाट बंद होते, अंड्यांच्या थैल्या आतच साठतात आणि मादी मरते.

यात आकडा पाहण्यासारखा आहे. लिटरमागे एका नॅनोग्रॅमच्या आसपास टीबीटी असला तरी ही विकृती सुरू होते; म्हणजे एक लाख कोटी भाग पाण्यात एक भाग. एवढं सूक्ष्म मोजमाप करणारी उपकरणं त्या काळात नेहमीच्या प्रयोगशाळांत नव्हती. साक्ष आधी आली, रसायनाचं नाव अकरा वर्षांनी कळलं. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात कालवांची पैदास १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिघडली, शिंपांची जाडी वेडीवाकडी वाढू लागली, तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सनं लहान बोटींवर टीबीटीच्या रंगाला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. गोव्याचा निबंध याच्या मधल्या काळातला आहे. आपल्या नेहमीच्या पाणी-तपासणीच्या यादीत टीबीटीचं नावही नसताना मार्मागोव्याच्या खडकांवरची गोगलगाय ते बंदराच्या पाण्यात असल्याचं सांगत होती. नंतर २००४ मध्ये त्याच संस्थेतल्या एन. बी. भोसले आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी, जिवाणूंचा थर, प्राणी आणि गाळ यांतल्या ब्युटिलटिनची रासायनिक मोजणी प्रसिद्ध केली. आणि २००६ मध्ये विश्वकिरण, अनिल यांच्या गटानं गायरिनियम नॅटेटर ही दुसरी गोगलगाय भारतीय किनाऱ्यावर या विषाची सूचक म्हणून वापरता येईल असं मांडलं. प्राण्यानं आधी दाखवलं, रसायनशास्त्रानं मग मोजलं. या क्रमात दोघांचंही काम ठरलेलं आहे, आणि माझा आग्रह नेमका त्या क्रमाचा आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो. गोगलगायीनं टीबीटी नेमकं ओळखलं खरं, पण ही सुदैवाची गोष्ट आहे. बहुतेक तळजीव कोणतं रसायन हे सांगत नाहीत. मेफ्लाय नाहीशी झाली ती क्रोमियमनं, कीटकनाशकानं की केवळ वाळू उपसल्यानं? आक्षेप खरा आहे. इम्पोसेक्सच्या बाबतीतही टीबीटीचा जवळचा नातलग ट्रायफेनिलटिन हीच विकृती घडवू शकतो. पण उलट बाजूनं विचार करा. रासायनिक तपासणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. यादीत तीस घटक असतील तर एकतिसावा सापडणार नाही, आणि वापरात असलेल्या रसायनांची संख्या हजारोंत आहे. शिवाय दहा रसायनं प्रत्येकी मर्यादेच्या आत असली तरी मिळून मारक ठरू शकतात. अहवालात मात्र दहाही रकान्यांपुढे समाधानकारक असंच लिहिलं जाईल. अळी रकाने मोजत नाही, तिला सगळं एकदम सोसावं लागतं. ताप आलेल्या माणसाला थर्मामीटर रोगाचं नाव सांगत नाही म्हणून वैद्य तो फेकून देत नाही. तळजीवांनी कुठे आणि केव्हापासून ते सांगावं, मग महागडी यंत्रं तिथे नेऊन काय ते शोधावं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो तिरुनागेश्वरमला थेट लागू पडतो. तळजीवांची गुणपद्धती थंड, दगडगोट्यांच्या, बारमाही वाहणाऱ्या युरोपी नद्यांसाठी घडली. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्ये वनस्पती आणि प्राण्यांवरून सांडपाण्याच्या पायऱ्या ठरवल्या. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धती आली: प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण, हेप्टाजेनिइडी या मेफ्लाय कुळाला दहा, कायरोनोमसच्या कुळाला दोन, गांडुळवर्गाला एक. तीन मिनिटं पायानं तळ ढवळून जाळीत जे येईल त्याची कुळं ओळखायची आणि गुणांची बेरीज करायची. युरोपी संघाच्या २००० सालच्या पाणीविषयक निर्देशानं तर तळाचे अपृष्ठवंशी प्राणी हा नदीची अवस्था ठरवण्याचा अधिकृत घटक केला. पण कावेरीच्या त्रिभुजात तळ वाळूचा आणि चिखलाचा, पाणी कोमट. तिथे दहा गुणांची मेफ्लाय अगदी स्वच्छ पाण्यातही मिळेलच असं नाही. त्यातून कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी परंपरेनं १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. पुढचे महिने कित्येक पाट कोरडे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे पूर तळ धुऊन काढतात. वर्षातून एकदा वाळणाऱ्या आणि एकदा धुतल्या जाणाऱ्या तळावर कोण राहणार आणि त्याची साक्ष कशी घ्यायची?

उत्तर असं, की परकी गुणपत्रिका जशीच्या तशी वापरायचीच नाही. ब्रिटनमध्येही हाच धडा शिकले. सगळ्या नद्यांना एकच अपेक्षा लावता येत नाही हे कळल्यावर १९७७ पासून तिथे स्वच्छ ठिकाणांची नोंद करून, अशा उताराच्या, अशा तळाच्या नदीत कोणते प्राणी असायला हवेत याचा अंदाज बांधण्याची पद्धत विकसित झाली. मग प्रत्यक्ष सापडलेल्यांशी त्याची तुलना. भारतानंही प्रयत्न केला आहे. केंद्रीय मंडळानं नेदरलँड्सच्या सहकार्यानं यमुनेवर काम करून जैविक निकष तयार केले. त्यात दोन आकडे असतात: प्राण्यांच्या सोशिकतेवरून शून्य ते दहा, आणि विविधतेवरून शून्य ते एक. त्यांवरून पाण्याचे स्वच्छ ते अतिप्रदूषित असे पाच वर्ग पडतात. कावेरीवर तर मदुराईचे के. जी. शिवरामकृष्णन यांनी नदी आणि उपनद्यांतल्या जलकीटकांची रचना, त्यांचे पट्टे आणि प्रदूषणसूचक म्हणून त्यांचा उपयोग यांवर केंद्र सरकारला १९९२ मध्येच अहवाल दिला होता. त्रिभुजाच्या उत्तरेला परंगिपेट्टईत अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे, तिथे खाडीतल्या तळजीवांवर दशकानुदशकं काम चाललं आहे. म्हणजे ज्ञान परक्या देशातून आणावं लागणार नाही. ते कावेरीच्या काठावरच आहे. नाही ते प्रदूषण मंडळाच्या नेहमीच्या अहवालात.

कोरड्या पाटांसाठीही मार्ग आहेत. पहिला, वेळ साधणं. पूर ओसरून काही आठवडे झालेले असतात आणि पाणी अजून बंद व्हायचं असतं, तो जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा त्रिभुजात नमुन्यासाठी योग्य आहे. तुलना मद्रासच्या किंवा मुंबईच्या नदीशी नको. त्याच पाटाचा गावाच्या वरचा भाग आणि खालचा भाग यांची करावी. दोन्हीकडे तोच पूर, तीच वाळू, तेच हवामान. फरक राहतो तो मधल्या वस्तीचा आणि रंगशाळांचा. दुसरा मार्ग कृत्रिम घराचा. विटांचे तुकडे भरलेली जाळीची टोपली वर आणि खाली पाच-सहा आठवडे पाण्यात ठेवायची आणि तिच्यात कोण राहायला आलं ते पाहायचं. तळ वाळूचा की चिखलाचा हा वादच उरत नाही, कारण घर दोन्हीकडे सारखं आहे. तिसरा मार्ग मला सर्वांत खात्रीचा वाटतो. पाट वाळला तरी गाळ तिथेच असतो. तो प्रयोगशाळेत आणून त्यात कायरोनोमसच्या अळ्या सोडायच्या आणि चार आठवडे पाहायचं, किती जगल्या, किती पंख फुटून बाहेर पडल्या. ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची चाचणी आहे, २००४ पासून तिची प्रमाणित रीत छापलेली आहे. मार्च महिन्यात अरसलारच्या फाट्यात थेंबभर पाणी नसतानाही ती करता येईल. शिवाय वाळून गेलेल्या चिखलातही सगळेच मरत नाहीत. भातखाचरातली मोठी गोलसर गोगलगाय, पायला, आपल्या शंखाचं झाकण लावून कोरड्या महिन्यांत मातीत निजते आणि पाणी आलं की उठते. तिच्या मांसात साठलेले धातू मागच्या हंगामाचे असतात.

तिसरा आक्षेप कायदेतज्ज्ञांचा. न्यायालयात आकडा लागतो. अळीच्या जबड्यावरून दंड कसा करणार? या आक्षेपाला उत्तर खुद्द कायद्यात आहे. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाच्या कलम २(ई) मध्ये प्रदूषणाची व्याख्या करताना पाण्याच्या भौतिक, रासायनिक किंवा जैविक गुणधर्मांतला बदल, आणि त्यानं माणसं, जनावरं, वनस्पती किंवा जलजीव यांच्या जीवनाला व आरोग्याला होणारी हानी, असं स्पष्ट म्हटलं आहे. जलजीवांची हानी हे कायद्याच्या दृष्टीनं प्रदूषणच आहे. तरी आपण तो पुरावा गोळा करत नाही, आणि मग पुरावा नाही म्हणतो. महाराष्ट्रानं तर केंद्राच्याही आधी, १९६९ मध्ये, जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला होता. त्या राज्याच्या ५५ प्रदूषित पट्ट्यांचा निकाल एका बीओडीवर लागावा हे मला लाजिरवाणं वाटतं.

चौथा आक्षेप उशिराचा: प्राणी मेल्यावर कळून उपयोग काय? मृत्यूच्या आधीच्या खुणा, जबडा, इम्पोसेक्स, शिंपेची जाडी, वर आल्याच आहेत. ज्यांना त्याहून तातडी हवी त्यांनी वॉर्सा शहराकडे पाहावं. तिथल्या पाणीपुरवठा केंद्रात आठ शिंपल्यांच्या शिंपांवर संवेदक बसवलेले असतात. पाणी ठीक असतं तोवर शिंपले उघडे राहून पाणी गाळतात. काही विषारी आलं की मिटतात, आणि ते मिटले की यंत्रणेला इशारा जातो. काही महिन्यांची सेवा झाली की त्यांना पुन्हा पाण्यात सोडून दुसरे आणतात. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर ही पहारेदारी चालते.

माणसं कुठून आणणार, हा प्रश्न मी फार मोठा मानत नाही. जातीपर्यंत ओळख लागत नाही, कुळापर्यंत पुरते, आणि ती प्राणिशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याला काही आठवड्यांत शिकवता येते. दक्षिण आफ्रिकेत शाळेतली मुलं मिनिसॅस नावाच्या सोप्या पद्धतीनं प्राण्यांचे मोजके गट ओळखून ओढ्यांची तपासणी करतात.

राहिला तो आक्षेप, जो कुणी लेखी मांडत नाही पण ज्याच्यामुळे गोष्टी अडतात: यात लहान रंगवाला मारला जाईल. ही भीती समजण्यासारखी आहे. नोय्यल नदीवर १९९२ मध्ये शेतीसाठी ओरथुपाळयम् धरण झालं आणि तिरुपूरच्या रंगशाळांचं पाणी साठवणारा तलाव होऊन बसलं. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला शून्य निचऱ्याची अट पाळली जाईपर्यंत तिथल्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. नोय्यल कावेरीलाच मिळते. इतकी वर्षं दुर्लक्ष आणि मग एकदम टाळं, हा रंगवाल्यांवरही अन्याय होता. तळजीवांची साक्ष लहान माणसाच्या विरुद्ध जाते असं मला वाटत नाही. कुंभकोणमच्या पाटात प्रकार थोडे पण ट्यूबिफेक्स आणि लाल अळ्या खच्चून सापडल्या, तर घाण प्रामुख्यानं सांडपाण्याची आणि जबाबदारी नगरव्यवस्थेची. रंगवाल्यावर सगळं ढकलता येणार नाही. सेरिसिनही तीच खूण उमटवेल, आणि त्यावर साध्या जैविक शुद्धीकरणाचा उपाय चालतो. याउलट खाद्य असूनही तळ निर्जीव सापडला, किंवा टोपलीत कुणीच राहायला आलं नाही, तर विष शोधायला हवं. मग ते रंगाचं की भातखाचरातल्या फवारणीचं हे यंत्रं सांगतील. ज्याचा दोष त्याच्याच माथी जाण्याची शक्यता आजच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीत जास्त आहे.

२०२८ साली कुंभकोणमला महामहम् आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या त्या पर्वात लाखो माणसं तिथल्या तलावात आणि कावेरीत स्नान करतील, आणि त्याआधी पाण्याचे नमुने नक्की तपासले जातील. त्या तपासणीत या वेळी तिरुनागेश्वरमच्या वरचा आणि खालचा तळही घ्यावा, जानेवारीत पाणी बंद होण्याच्या पाच-सहा आठवडे आधी टोपल्या लावाव्यात, मार्चमध्ये गाळावर अळ्यांची चाचणी करावी आणि निकाल रासायनिक आकड्यांच्या शेजारी, त्याच पानावर, तमिळमध्ये छापावा, एवढी मागणी तिथल्या महाविद्यालयांनी आणि प्रदूषण मंडळानं मनावर घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला याच मागणीसाठी तमिळनाडूपर्यंत जायची गरज नाही. आपल्या गावाजवळची नदी त्या ५५ पट्ट्यांत असेल, तर माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा आणि विचारा: गेल्या पाच वर्षांत या नदीच्या तळावरचे प्राणी कधी मोजले, कुणी मोजले आणि काय सापडलं?